औक्षण रद्द करून उपकेंद्राची किल्ली परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. विशेष पुनर्रचना अधिकारी साहेब,
पूरग्रस्त गावे सेवा पुनर्रचना कक्ष,
मुक्काम नांदेड.

अर्जदार : सिंधुबाई भ्र. शेषेराव वडजे, वय बावन्न, धंदा शेती व मजुरी, राहणार हिवरदरी, ता. लोहा.

अर्ज लिहिणार : संगमेश्वर पि. संगप्पा बिरादार, धंदा अर्ज लिहिणे, आपल्याच कार्यालयासमोरच्या झेरॉक्स दुकानाचा ओटा.

विषय : पुराच्या वेळी अर्जदाराने कंपनीच्या बोटीचे केलेले औक्षण रद्द समजून, गावच्या आरोग्य उपकेंद्राची किल्ली अर्जदाराची मुलगी बाळंत होण्याच्या आत परत मिळण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षाचे ‘ग्रामस्थांचे जाहीर आभार’ हे पत्र.
२) अर्जदाराने आपल्या दारात येऊन केलेल्या तोंडी विनंत्या, ज्यांची नोंद आपल्याकडे सापडत नाही.

महोदय,

हात जोडून, आणि वेळ थोडा असल्यामुळे जरा घाईने, सादर करण्यात येते की,

१. अर्जदार बाईंना सही येते, वाचता येते, पण साहेबलोकांच्या भाषेत कळवळता येत नाही, म्हणून त्या आज सकाळी लिहिणाराच्या ओट्यावर येऊन बसल्या. त्यांचे म्हणणे त्यांच्याच तोंडच्या शब्दांत उतरवावे तर साहेबांना उद्धट वाटेल, आणि लिहिणाराच्या नेहमीच्या सरकारी भाषेत उतरवावे तर साहेबांना डुलकी लागेल. सबब दोन्हींची भेसळ केली आहे, ती माफ असावी. थोडक्यात गाऱ्हाणे असे, की अर्जदाराची थोरली मुलगी शिवांगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे, तिचे दिवस भरले आहेत, गावात बाळंतपणाची खोली आहे, आणि त्या खोलीला कंपनीचे कुलूप आहे. ते कुलूप तिथे कसे आले हे सांगितल्याशिवाय ते काढा म्हणता येत नाही, म्हणून पुढचा मजकूर.

२. हिवरदरी हे गाव मन्याडच्या पलीकडे आहे. पलीकडे म्हणजे तालुक्याकडून बघितले तर पलीकडे. गावाकडून बघितले तर तालुकाच पलीकडे आहे, आणि तो आजवर पलीकडेच राहत आला. गावात दोन खोल्यांचे उपकेंद्र होते, उंच ओट्यावर बांधलेले, आणि त्यात शांतम्मा नावाच्या नर्सबाई होत्या. या बाई देगलूरकडच्या, मराठी बोलता बोलता मध्येच तेलुगूत शिरणाऱ्या, आणि कुणी गरोदर बाई गोळ्या न खाता सापडली तर पूर्ण तेलुगूत रागावणाऱ्या. त्यांची तारीफ करायला हा अर्ज नाही. एवढेच म्हणणे आहे, की त्या होत्या, आणि हाक मारली की ओ देत होत्या. उपकेंद्राची एक किल्ली त्या अर्जदाराकडे ठेवत, कारण घर भिंतीला भिंत लागून. बाई मीटिंगला गेल्या आणि कुणाला कळा लागल्या, तर अर्जदाराने दार उघडायचे, चुलीवर पाणी ठेवायचे, टेबल पुसून घ्यायचे, तोवर बाई येऊन पोचतात, असा गावाचा दस्तूर. याचा सरकारी कागद कुठेही नाही. कुणाला त्याची गरजच पडली नाही.

३. नवरात्रात पूर आला. नदीने पूल नेला, खालची आळी नेली, आणि गाव देवीच्या टेकडीवर देवळात जाऊन बसले. शांतम्माबाई औषधे आणायला तालुक्याला गेल्या होत्या, त्या तिकडेच अडकल्या. पोरांना जुलाब लागले, म्हाताऱ्यांना ताप भरला, आणि सरकारी माणूस काही दिसेना. यात साहेबांना बोल लावायचा नाही, पूलच नव्हता तर साहेब काय उडत येणार. अशात पिवळी जाकिटे घातलेली माणसे रबराच्या बोटीतून आली. सुखांकुर केअर प्रायव्हेट लिमिटेड असे त्यांच्या पाठीवर लिहिले होते, आणि खोक्यांत गोळ्या होत्या, सलाईन होते, पाण्याच्या बाटल्या होत्या. खोटे कशाला लिहायचे? गोळ्या खऱ्या होत्या, पोरे बरी झाली. गावाने त्यांना देवमाणसे म्हटले.

४. आता साहेब, आमच्याकडे नवीन ट्रॅक्टर आला की ओवाळतात, जावई आला की ओवाळतात, बोअरला पाणी लागले तर बोअरच्या पाइपाला ओवाळतात. त्याला कुणी कुणाची परवानगी मागत नाही आणि त्याचा कुणी अर्थही लावत नाही. देवीची आरती नुकतीच झाली होती, ताट अर्जदाराच्याच हातात होते, म्हणून त्याच बायांच्या पुढे होऊन काठाशी गेल्या आणि बोटीला ओवाळले. रबराला कुंकू चिकटेना, म्हणून अंगठ्याने चोळून चोळून लावले. एवढ्यात जाकिटवाल्यांतला एक जण म्हणाला, मावशी, औषधे ठेवायला कोरडी खोली आहे का कुठे? उपकेंद्राच्या उंबऱ्यापर्यंत पाणी लागले होते, पण आत शिरले नव्हते. अर्जदाराने किल्ली घरातून निघताना पदराला बांधून आणली होती. एका हातात ताट, दुसरा कुंकवाने भरलेला. त्यांनी दातांनी गाठ सोडली, किल्ली ताटातच नारळाशेजारी टाकली, आणि ताट पुढे केले. त्याने किल्ली उचलली. कुणीतरी फोटो काढला. मागून अर्जदाराचे पती शेषेराव ओरडले, “आगं, पदर घे नीट, फोटू काढून राहिले ना!” आणि त्यावर अर्जदार हसल्या. ते हसणे फोटोत आले आहे. अर्जदाराच्या हातून जी काही चूक झाली ती एवढीच, आणि असल्या चुकीला गुन्हा म्हणायचे तर आमच्या भागातल्या सगळ्या बायांना आत टाकावे लागेल.

५. पाणी ओसरले, शांतम्माबाई परत आल्या. किल्ली मागितली तर पुढच्या आठवड्यात देऊ म्हणाले. त्याच्या पुढच्या आठवड्यात कुलूपच बदलले. दिवाळीच्या सुमारास दारावर निळा बोर्ड चढला, आणि आपल्या कक्षाचे आभाराचे पत्र ग्रामपंचायतीत येऊन पडले. त्यात लिहिले आहे, की उपकेंद्राची इमारत पुराने निकामी झाली आहे. आणीबाणीची परिस्थिती पाहता नेहमीची पद्धत बाजूला ठेवून ती तीस वर्षांसाठी कंपनीकडे चालवायला दिली आहे. आणि ग्रामस्थांनी पारंपरिक पद्धतीने औक्षण करून, किल्ली सन्मानाने सुपूर्द करून संमती दिली असल्याने वेगळ्या ग्रामसभेची आवश्यकता उरली नाही. खाली अर्जदाराचा फोटो, ताटासकट. ज्या दिवशी ते पत्र चावडीवर वाचले गेले, त्या दिवशी अर्जदार बाई घरी येऊन जेवल्या नाहीत. “मी देवाचं ताट धरलं होतं हो,” एवढेच त्या म्हणत राहिल्या. इमारत निकामी आहे तर कंपनी तिच्यात कशी बसली, हे त्यांना साहेबांना विचारायचे आहे. वाहून गेलेला पूल अजून कागदावरसुद्धा उभा राहिला नाही, त्याला अंदाजपत्रक लागते, मंजुरी लागते, मुहूर्त लागतो. आणि उपकेंद्र मात्र चिखल वाळायच्या आत हातचे गेले, हेही विचारायचे आहे.

६. या ठिकाणी लिहिणाराला स्वतःचे चार शब्द घालायची परवानगी असावी. या ओट्यावर बसून लिहिणार रोज लोकांची कैफियत ऐकतो. पूर ओसरल्यापासून जो येतो तो एकच सूर लावतो. कुणाच्या गावची शाळा पूरग्रस्तांना राहायला घेतली ती पुन्हा शाळा झालीच नाही, दूरच्या कुठल्या संस्थेच्या शाळेत मिसळली. कुणाच्या गावचा बाजाराचा माळ राडारोडा टाकायला घेतला, आता तिथे कंपनीचे गोदाम आहे. सगळ्यांची सुरुवात ‘पुराच्या टायमाला’ अशीच होते. साहेब, हीच योजना कोरड्या दिवसांत आणली असती तर गावोगाव सभा घ्याव्या लागल्या असत्या. लोकांनी प्रश्न विचारले असते, बायांनी गलका केला असता, कुणीतरी कोर्टात गेले असते. बुडणाऱ्या बाईला हात देताना तिच्या हातातली पाटली सहज निघते, ती काही त्या वेळी हात मागे ओढत नाही. मग काठावर आल्यावर तिला सांगायचे, की बाई, पाटली तू खुशीने दिलीस, हा बघ फोटो. लिहिणाराचे डोके तापले आहे, हे त्याला कळते. अर्जदार बाई म्हणतात, “मामा, तुमचं राहू द्या, पोरीचं लिव्हा.” म्हणून पोरीचे लिहितो.

७. शिवांगीचे सासर अहमदपूरकडे, लातूर जिल्ह्यात. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत साहेबांनाही ठाऊक असेल. विहीणबाई अयोध्याबाई शहाण्या. पोरीला न्यायला अर्जदार गेल्या तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “विहीणबाई, तुमच्याकडचा पूल गेलाय म्हणं. इथं दवाखाना जवळ हाय, पोरीला राहू द्या की.” त्यावर अर्जदार छाती पुढे काढून म्हणाल्या, की आमची शांतम्माबाई भिंतीपलीकडं हाय, तुम्ही काळजी करू नका. बोर्ड तोवर चढला नव्हता. हा शब्द अर्जदाराने दिला होता, आणि आता रात्रंदिवस तोच शब्द त्यांना टोचतो. शांतम्माबाईंची बदली किनवटला झाली, तीही याच पुनर्रचनेत. जाताना त्यांनी शिवांगीचे हात हातात घेऊन सांगितले, की तुझ्या पायावर सूज आहे, दर आठवड्याला ब्लडप्रेशर बघून घे, हयगय करू नको.

८. म्हणून अर्जदार पोरीला घेऊन कंपनीच्या केंद्रात गेल्या. केंद्र आठवड्यातून दोन वार उघडते, बाकी वारी कुलूप. आत भिंतीवर टीव्ही आहे आणि टीव्हीत डॉक्टर आहेत. आवाज आला की चेहरा अडकतो, चेहरा हलला की आवाज जातो. पोरीने पाय वर करून टीव्हीला दाखवले. टीव्हीने सभासद कार्ड विचारले. कार्ड काढले, तर कळले की साध्या कार्डात ताप-खोकला बसतो, बाळंतपण बसत नाही. त्याला मातृत्व योजना वेगळी, आणि तिची नोंदणी पाचव्या महिन्याच्या आत लागते. अर्जदार म्हणाल्या, अहो, पोरीला पाचवा होता तेव्हा तुम्ही गावात नव्हता, पूरसुद्धा आला नव्हता. केंद्रावरची मुलगी बिचारी चांगली होती, ती म्हणाली, मावशी, मला कळतंय, पण सिस्टीमला कळत नाही. पूर्वी एक फोन केला की फुकटची सरकारी गाडी गावापर्यंत यायची. तीही आता पूरपट्ट्यातून काढून घेतली आणि तिच्या जागी कंपनीची गाडी आली, तिलाही कार्ड लागते. काळीपिवळी जीप पूल गेल्यापासून येत नाही. गावातले ट्रॅक्टर उसाच्या वाहतुकीला गेले, जवान माणसे तोडीला गेली. घरात अर्जदार, त्यांच्या थोरल्या जाऊबाई रुक्मिणबाई, आणि ती पोर. शेषेरावही टोळीबरोबर कारखान्याकडेच आहेत.

९. याहून अवघड गोष्ट पुढे आहे. लोह्याच्या रस्त्याला कंपनीने मोठा फलक लावला आहे. त्यावर अर्जदार बाई ताट घेऊन हसताहेत आणि शेजारी लिहिले आहे, ‘माझा विश्वास, सुखांकुर’. फलक घराएवढा आहे. अर्जदार तक्रार घेऊन तालुक्याला गेल्या तर टेबलावरचा माणूस खिडकीतून फलकाकडे आणि मग त्यांच्याकडे बघून म्हणाला, “बाई, तुम्हीच तर तिथं हसून राहिल्या. मग तक्रार काहून?” त्यांनी सांगितले, की मी हसले ते नवरा ओरडला म्हणून. त्याने ते लिहून घेतले नाही. गावात बाया टोमणे मारतात, बोर्डवाली बाई म्हणतात. एकीने तर विचारले, की तुला किती मिळाले? साहेब, या प्रश्नाने ही बाई ओट्यावर लिहिणारासमोर पदर तोंडाला लावून रडली. आजवर पुष्कळ लोक या ओट्यावर रडून गेले, पण स्वतःच्या हसण्यामुळे रडणारी ही पहिलीच.

१०. आपल्या कार्यालयात त्या येऊन गेल्या तेव्हा त्यांना सांगण्यात आले, की औक्षण स्वखुशीने झालेले आहे, प्रक्रिया पूर्ण झालेली आहे, आणि झालेले औक्षण मागे घेण्याची तरतूद नाही. यावर अर्जदारातर्फे अदबीने असे म्हणणे आहे, की याच ताटाने अर्जदाराने पोळ्याला बैल ओवाळला. बैलाने गोठ्यावर तीस वर्षांचा हक्क सांगितला नाही. याच ताटाने गावातल्या वैजनाथचा ट्रॅक्टर ओवाळला. ट्रॅक्टरने गावच्या रस्त्यावर कुलूप घातले नाही. याच ताटाने अर्जदाराने आपला जावई ओवाळला. जावईबापूंनी पोरगी नेली, हे खरे, पण तिला पहिल्या बाळंतपणाला परत पाठवली! जावई जेवढे समजतात तेवढे कंपनीने समजायला काय हरकत होती? आणि औक्षणाने मालकी मिळते असे आपल्या कक्षाचे मत असेल, तर अर्जदार उद्या याच कार्यालयाला ओवाळायला तयार आहेत. त्यानंतर त्यांनी किल्ली मागितली तर आपण ती द्याल का, हे लेखी कळावे.

११. सबब विनंती, की सदरहू औक्षण रद्द समजावे. ते रद्द होत नसेल तर ते केवळ त्या रबरी बोटीपुरते होते असे समजावे, आणि उपकेंद्र गावाला परत द्यावे. ते जमत नसेल तर एक महिन्यापुरते द्यावे. तेही जमत नसेल तर फक्त बाळंतपणाच्या खोलीची किल्ली द्यावी, टीव्हीची खोली कंपनीने खुशाल ठेवावी. किल्लीही द्यायची नसेल तर शांतम्माबाईंना चार दिवसांची रजा मंजूर करावी, त्या आपल्या पायाने येतील, अर्जदाराच्या घरात सतरंजीवर करतील. पोरीचे दोन्ही पाय इतके सुजले आहेत की बोट दाबले तर खड्डा पडतो, काल संध्याकाळपासून डोके दुखते म्हणते, डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणते. अर्जदार आज तिला जाऊबाईंच्या भरवशावर टाकून इथे आल्या आहेत, कारण साहेब आजच्या वारीच भेटतात असे समजले.

१२. येथपर्यंत लिहून झाले, आणि लिहिणार मजकूर वाचून दाखवत होता, एवढ्यात अर्जदाराच्या फोनवर रुक्मिणबाईंचा फोन आला. पोरीने पहाटेपासून दाबून ठेवलेल्या कळा आता आवरेनात. अर्जदार उठून उभ्या राहिल्या. मग त्यांनी फोनवर एवढेच म्हटले, “अक्का, कुलूप फोडा. माझं नाव सांगा. फोडा.” आणि पिशवी उचलून त्या बसस्टँडकडे पळत सुटल्या. अर्जावर सही घ्यायचे भान ना त्यांना राहिले ना लिहिणाराला. कुलूप फोडले, त्याचा गुन्हा दाखल करायचा तर त्यात अर्जदाराचे नाव पहिले लिहावे आणि लिहिणाराचे दुसरे, कारण ‘फोडा’ हा शब्द लिहिणाराच्याही तोंडून त्याच वेळी निघाला होता.

१३. यानंतर अर्जदार बसमधून लिहिणाराशी फोनवर बोलल्या, त्यांचे सांगणे खाली लिहितो. कुलूप फोडून बाया आत गेल्या. खोलीत टेबल नाही. टेबल, दिवा, पाण्याची शेगडी, सगळे कंपनीने कधीच हलवले आहे. खोलीत नुसती रिकामी खोकी आहेत. इतके दिवस ज्या खोलीच्या किल्लीसाठी ही बाई दारोदार फिरली त्या खोलीत काहीही नव्हते. शांतम्माबाई किनवटहून फोनवर सांगत गेल्या आणि रुक्मिणबाई जमिनीवर करत गेल्या. लेकरू झाले आहे. मुलगी आहे, रडली. पण शिवांगीला झटका येऊन गेला आणि रक्त थांबत नाही. शांतम्माबाई म्हणतात, एक क्षण थांबू नका, दवाखान्यात हलवा. बैलगाडी जुंपली आहे. अर्जदाराने बसमधूनच कंपनीला फोन लावला. त्यांची गाडी लोह्यात रिकामी उभी आहे, ड्रायव्हर आत बसलेला आहे. समन्वयक म्हणतात, या कुटुंबाची आपल्या कक्षाकडे तक्रार प्रलंबित दिसते, प्रलंबित तक्रार असलेल्या सभासदाला गाडी सोडता येत नाही, कक्षाकडून तक्रार निकाली निघाल्याचे कळले की दोन मिनिटांत सोडतो. आपल्याकडे ज्या विनंत्यांची नोंद सापडत नाही, ती त्यांना सापडली.

१४. अर्जदार बसमधून ओरडून सांगतात ते शब्दाला शब्द लिहितो. “मामा, समदं मागं घ्या. लिव्हा, म्या खुशीनं ओवाळलं. लिव्हा, किल्ली म्या माझ्या हातानं दिली.” लिहिणार म्हणाला, बाई, असं लिहिलं तर पुन्हा कधी मागता येणार नाही. त्यावर त्या म्हणाल्या, “मला काय करायचंय दवाखाना? माझी पोरगी मरून राहिली हो!”

१५. सबब अर्जदार वर परिच्छेद एक ते अकरामध्ये केलेले आपले सर्व म्हणणे मागे घेतात. औक्षण खुशीचे होते. किल्ली सन्मानाने सुपूर्द केली होती. इमारत निकामी होती. उपकेंद्र तीस वर्षांसाठी कंपनीचे आहे, हवे तर साठ वर्षांसाठी आहे. फलक राहू द्यावा. शांतम्माबाईंना किनवटलाच ठेवावे. परिच्छेद सहामधले लिहिणाराचे चार शब्द लिहिणार स्वतः मागे घेतो, आणि ते त्याने तापलेल्या डोक्याने लिहिले होते असे कबूल करतो. अर्जदाराची कोणतीही तक्रार नाही आणि नव्हती. कृपा करून एवढे एक वाक्य आपण कंपनीला फोनवर सांगावे. पत्र नंतर काढले तरी चालेल. गाडी नदीच्या अलीकडच्या काठापर्यंत येते, रस्ता कोरडा आहे, पात्रात पाणी गुडघ्याच्या खाली आहे. तिथून पुढे बायमाणसे पोरीला बाजेवर उचलून आणतील. गाडी तेवढी काठावर उभी पाहिजे.

लिहिणार हा अर्ज घेऊन आपल्या दाराशी उभा आहे. शिपाई म्हणतो साहेब मीटिंगमध्ये आहेत, अर्ज आवक टेबलावर द्या. लिहिणार तो आवक टेबलावर देत नाही, दाराच्या फटीतून आत सरकवतो, या उद्धटपणाबद्दल त्याला काय शिक्षा करायची ती सावकाश करावी.

आपल्या एका फोनची वाट पाहणारी,

सिंधुबाई भ्र. शेषेराव वडजे
करिता संगमेश्वर पि. संगप्पा बिरादार, अर्ज लिहिणार

ठिकाण : नांदेड
दिनांक : ९ डिसेंबर २०२५

सोबत : काही जोडलेले नाही. कागद अर्जदाराच्या पिशवीत होते, पिशवी त्यांच्याबरोबर गेली.

सही : अर्जदार वाटेत असल्याने सही झालेली नाही, त्या कारणाने अर्ज परत करू नये. गाडी निघाल्याचे कळले, की त्या स्वतः येऊन सही करतील. आपण जिथे म्हणाल तिथे करतील, कागद वाचायला मागणार नाहीत.